एकच डबा, दोन वाहिन्या

कायदा असा आहे की एका शहरात एका माणसाच्या मालकीची एकच टीव्ही वाहिनी असावी. कायदा चांगला आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. सगळ्या शहराने एकाच माणसाच्या तोंडून जग ऐकू नये, एवढाच त्याचा हेतू. फक्त तो करणाऱ्या शहाण्यांनी एका नात्याचा विचार केला नव्हता. ते नातं म्हणजे मेव्हणा.

आमच्याकडे वाहिन्या दोन. रिमोटवर जिथे लागतात त्यावरून लोक त्यांना चार नंबर आणि सात नंबर म्हणतात. चार नंबर एका बड्या कंपनीने कधीच घेतली होती. त्या कंपनीच्या मालकाची भूक काही भागत नाही. आसपासच्या शहरांतल्या वाहिन्या त्याने एकेक करून गिळल्या आणि मग त्याला सात नंबर हवी झाली. कायद्याने घेता येईना, तेव्हा ती त्याच्या बायकोच्या भावाने घेतली. हा मेव्हणा सोफे विकतो. माणूस वाईट नाही बिचारा. पहिल्या दिवशी तो आमच्या न्यूजरूममध्ये आला, सगळ्यांशी हसून बोलला, कॅमेऱ्यासमोर उभं राहून त्याने "हा चालू आहे का?" असं विचारलं, आणि जाताना बाहेरचा सोफा दाबून म्हणाला, "स्प्रिंगा गेल्यात याच्या." त्यानंतर तो फिरकला नाही. नवा सोफा मात्र आला. नियामक आयोगाने त्याला तात्पुरता परवाना दिला आणि पक्क्या परवान्याची चौकशी चालू ठेवली.

मी सात नंबरची वृत्तसंपादक. आणि चार नंबरचा वृत्तसंपादक माझा नवरा.

हे ऐकलं की लोक डोळे मिचकावतात. मिचकावा. आमचं लग्न ठरलं त्याच्याही आधीपासून आम्ही एकमेकांच्या बातम्या पळवत आलोय. घरात एकच नियम, आणि तो दोघांनी आजवर मोडलेला नाही: बातमी पडद्यावर गेल्याशिवाय तिचं नाव काढायचं नाही. ऑफिसचा फोन आला तर गच्चीत जाऊन बोलायचं. टेबलावर कागद उघडा ठेवायचा नाही. त्याच्या बुटांना चिखल दिसला तरी मी "कुठे गेला होतास?" असं विचारत नसे, आणि माझ्या केसांना धुराचा वास आला तरी तो मुकाट्याने वरणभात कालवत असे. संध्याकाळी आधी चारचं बातमीपत्र लागायचं आणि त्यानंतर सातचं. सासूबाई दोन्ही पाहायच्या आणि जेवताना निकाल द्यायच्या. पोटच्या पोराचीही गय करायच्या नाहीत. "आज हिची सरशी," म्हणायच्या, "तुझा बातमीदार नुसता पाट्या टाकतो." कापडाच्या गोदामाला आग लागली तेव्हा तो माझ्या आधी पोचला होता, तर आठवडाभर घरात शीळ घालत फिरत होता. मला त्या शिळेची धास्ती होती. एखादी बातमी मी आळसाने सोडली तर हा उचलेल आणि वर शीळ घालेल, या धास्तीने मी काम करायचे. तोही माझ्या धास्तीने करायचा. शहराला काय फायदा झाला असेल तो त्यातूनच झाला.

मग मेव्हण्याचं राज्य आलं आणि डबा सुरू झाला.

डबा हे आमचं नाव. मुख्य कार्यालयातून रोज दुपारी तयार बातमीपत्र येतं. बातम्या तयार, चित्रं तयार, निवेदकाने कुठे भुवई उंचवायची तेसुद्धा लिहिलेलं. आपण फक्त आपल्या निवेदकाचा चेहरा मध्ये घालायचा. सगळ्या शहरांना तोच डबा, चारला तोच आणि सातलाही तोच. खर्च वाचावा म्हणून दोन्ही बातमीपत्रांची वेळही एक केली. सासूबाई पहिले काही दिवस रिमोट घेऊन चारवरून सातवर आणि सातवरून चारवर उड्या मारत होत्या. मग त्यांनी रिमोट माझ्याकडे सरकवला. "अगं, दोघं मिळून एकच स्वयंपाक करता की काय आता?" असं म्हणाल्या. मला इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही.

हेही मी सोसलं असतं. पण पूल कसा सोसणार?

नदीवरचा जुना पूल. बाजूच्या वस्तीतली मुलं शाळेच्या बसने त्यावरूनच येतात, आणि खडीचे ट्रकही त्यावरूनच जातात. माझा बातमीदार एक दिवस तिथून मूठ दाखवत आला. पुलाच्या मधल्या सांध्यात त्याची मूठ जात होती. मी स्वतः गेले. माझीही गेली. बस वरून गेली की फट उघडायची आणि मिटायची, आणि खाली पाणी दिसायचं. आम्ही ते सगळं चित्रित केलं. बांधकाम खात्यातला अभियंता म्हणाला, "पाहणी प्रस्तावित आहे." म्हणजे घोडं कागदावरच पेंड खात होतं. अशा माणसाला हलवायला एकच औषध असतं, ते म्हणजे संध्याकाळचं बातमीपत्र.

आता डब्यात पूल कुठे घालू? मॅनेजरकडे गेले. हा मॅनेजर खरं तर चारचा, पण सातचं "प्रशासकीय साहाय्य" पण तोच बघतो. सदा घामेजलेला माणूस. म्हणाला, "मॅडम, नाही कोण म्हणतंय? फक्त जागा नाही." हेच तर. कुणी नाही म्हणत नव्हतं. नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. त्या दिवशी डब्यात परदेशातल्या एका मांजराची बातमी होती. झाडावर चढलं होतं आणि उतरत नव्हतं.

मी मांजर काढलं आणि पूल घातला. पूल पडद्यावर जेमतेम दिसला असेल-नसेल, तोवर गेला आणि मांजर आलं. मी मुख्य कार्यालयाला फोन लावला. तिकडचा तंत्रज्ञ फार समजूतदारपणे बोलला. त्यांच्याकडे एक यंत्रणा आहे. ती प्रत्येक शहरातल्या दोन वाहिन्या शेजारी शेजारी ठेवून बघते. दोन्हींवर तेच चाललं असेल तर सगळं ठीक. एकीवर वेगळं दिसलं की बिघाड समजायचा आणि डबा थेट तिकडून सोडायचा. "तुमच्याकडे फरक आला होता," तो म्हणाला, "आम्ही काढला." मी त्याला म्हटलं, अरे बाबा, तो फरक म्हणजेच बातमी. तो म्हणाला, "हो ना, म्हणूनच लगेच सापडला." अशा माणसाशी काय बोलणार, कप्पाळ?

नवऱ्याला मी यातलं अवाक्षर सांगितलं नाही. पूल पडद्यावर गेला नव्हता ना. त्या दोन-चार क्षणांना गेला म्हणायचं की नाही यावर मी बराच विचार केला, आणि नाही असं ठरवलं. नियम तो नियम.

माझी सगळी आशा आयोगावर होती. मेव्हण्याचा पक्का परवाना आयोगाने नाकारला असता, तर सात विकावी लागली असती. घेणारे होते. मग डबा बंद आणि त्याच संध्याकाळी पूल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. रोज सकाळी शाळेची बस घरासमोरून गेली की मी घड्याळ बघायचे आणि ती पलीकडे पोचली असेल इतका वेळ जाईपर्यंत चहाला हात लावत नसे.

आयोगाने आधी तपासनीस पाठवला. खरी गंमत म्हणजे दोन्ही न्यूजरूम तोवर एकाच दालनात आल्या होत्या. कंपनीने आम्हाला चारच्या इमारतीत आणून बसवलं होतं. तपासनीस आला, त्याने पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "हे चालणार नाही. दोन स्वतंत्र संस्था एका खोलीत कशा?" मला वाटलं, आला बाबा एकदाचा देव धावून. कंपनीने आठवड्यात मध्ये प्लायवूडची भिंत उभी केली. ती एका खिडकीच्या बरोबर मधून गेली, त्यामुळे अर्धी खिडकी चारची आणि अर्धी सातची, आणि उघडत नाही ती दोघांची. स्वच्छतागृह पलीकडे राहिलं, चहाचं मशीन अलीकडे. चारच्या लोकांना चहासाठी आणि आमच्या लोकांना दुसऱ्या कामासाठी जिना उतरून, वाहनतळाला वळसा घालून यावं लागे. वाटेत भेटले की एकमेकांना विचारत, "काय, स्पर्धा कशी चाललीय?" तपासनीस पुन्हा आला. त्याने भिंत वाजवून पाहिली, ती छताला टेकते का ते पाहिलं. मी म्हटलं, "साहेब, भिंतीचं सोडा, डबा बघा. दोन्हीकडे एकच येतो." तो म्हणाला, "माझ्या अखत्यारीत फक्त जागा येते. आशय सुनावणीत." पालथ्या घड्यावर पाणी.

ठीक आहे, सुनावणीत तर सुनावणीत. मला साक्षीला बोलावलं. नवऱ्याला बोलावलं नाही, कारण चारच्या मालकीबद्दल वाद नव्हता. आदल्या दिवशी मी साडीला इस्त्री करत होते तेव्हा तो म्हणाला, "जास्त बोलू नकोस. विचारलं तेवढंच सांग." मी म्हटलं, "तू चारचा माणूस आहेस, मला सल्ला देऊ नकोस." तो हसला. हसला, पण खरं सांगते, तेव्हा ऐकायला हवं होतं.

सुनावणीची खोली लांबट होती. तिघे सदस्य उंच टेबलामागे, मेव्हणा एका कोपऱ्यात, आणि कंपनीचा वकील मध्ये. मी सगळं सांगितलं. डबा, भुवया, मांजर, फरक काढणारी यंत्रणा. सदस्य लिहून घेत होते. माझा आवाज चढला होता, पण मुद्दा सुटला नव्हता.

मग वकील उठला. फार गोड बोलतो मेला. "मॅडम, हा जो डबा तुम्ही म्हणता, तो दोन्ही कंपन्या एका सेवेकडून विकत घेतात. वर्तमानपत्रं वृत्तसंस्थेकडून घेतात तसं. तो वापरायचीच सक्ती आहे, असं लेखी कुणी दिलंय?"

"लेखी नाही."

"म्हणजे तुम्ही स्वतंत्र आहात."

"अहो, मी वेगळं लावलं की ते काढतात."

"तांत्रिक बिघाड दुरुस्त करतात. तेही सेवेत येतं. बरं, चार नंबरचे संपादक कोण?"

"माझे मिस्टर."

खोलीत थोडी हालचाल झाली. वकिलाने चेहरा असा केला जणू हे त्याला आत्ताच कळतंय. "एकाच घरात राहता?"

"मग काय गच्चीत राहू?"

"दोन प्रतिस्पर्धी वाहिन्यांचे संपादक रोज एका टेबलावर जेवतात, आणि बातम्यांबद्दल काही बोलत नाहीत?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या अभिमानालाच त्याने हात घातला होता. मी सांगत सुटले. आमचा नियम सांगितला, गच्ची सांगितली, चिखलाचे बूट सांगितले. सासूबाई निकाल कशा द्यायच्या ते सांगितलं. म्हटलं, या शहरात खरी स्पर्धा कुठे असेल तर ती आमच्या जेवणाच्या टेबलावर होती, तुम्ही ती मारलीत. सदस्यही अगदी लक्ष देऊन ऐकत होते. मला वाटलं, जिंकले.

वकील म्हणाला, "म्हणजे दोन्ही संपादक रोज एकत्र बसून एकमेकांची बातमीपत्रं पाहत, आणि नंतर घरातल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीसमोर त्यांची तुलना होत असे?"

"प्रक्षेपण झाल्यावर," मी म्हटलं.

"याला पुरावा?"

"सासूबाई."

सगळे हसले. मेव्हणासुद्धा हसला. अध्यक्षांनी काहीतरी लिहून त्याखाली रेघ मारली, आणि स्वतःच्या हाताने मी पायावर केवढा धोंडा पाडून घेतलाय ते मला तेव्हा कळलं.

आदेश आला. मेव्हण्याचा परवाना पक्का. मालकी कायद्यानुसार वेगळी, भिंत पुरेशी, डबा हा व्यावसायिक व्यवहार. मात्र दोन्ही संपादक एकाच कुटुंबातले असल्याने संपादकीय स्वातंत्र्याला गंभीर धोका पोचतो, सबब दोघांपैकी एकाने पद सोडावं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. मी आदेश वाचला, पुन्हा वाचला, आणि मला रडूही येईना आणि हसूही येईना. नुसती कानशिलं तापली.

मॅनेजरने दोघांना एकत्र बोलावलं. वाहनतळात बोलावलं, कारण भिंतीच्या कुठल्या बाजूला बसायचं ते त्याला ठरवता येईना. कपाळ पुसत म्हणाला, "कंपनी यात पडणार नाही. तुम्ही दोघं घरी बोलून ठरवा."

"घरी बोलतो म्हणूनच काढताय ना?" मी म्हटलं.

"एवढं शेवटचं बोला," तो म्हणाला.

तर आम्ही बोललो. सासूबाई वाटाणे सोलत होत्या, त्यांनाही उठू दिलं नाही. नवरा म्हणाला, "मी सोडतो. तुला अजून राग येतो. मला हल्ली येईनासा झालाय, आणि ते वाईट आहे." मी म्हटलं, राहून मी करू काय? मांजरं उतरवू? माझ्याकडे एक बातमी पडून आहे, लोकांच्या जिवाची आहे, आणि मला ती लावता येत नाही. हे बोलून गेले आणि जीभ चावली. नियम मोडत होते.

त्याने विचारलं, "कुठली?"

मी सासूबाईंसमोरचे वाटाणे सोलायला घेतले.

"पूल?" तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्याच्याकडेही पूल होता. तो होडी करून पुलाखाली गेला होता, खांबाच्या पायाचे दगड निघून गेलेत ते त्याने खालून टिपलं होतं. त्यानेही एकदा डब्यातली बातमी काढून पूल लावला होता. माझ्यानंतर आठवड्याभराने. त्यालाही त्याच तंत्रज्ञाने सांगितलं होतं की फरक आला होता, काढला. आणि त्यानेही मला सांगितलं नव्हतं, कारण नियम.

"अरे पण," मी म्हटलं, "दोघांनी एकाच दिवशी लावला असता तर..."

"फरकच आला नसता," तो म्हणाला.

एवढे दिवस. एवढे दिवस आम्ही दोघं अर्धा अर्धा पूल उशाखाली घेऊन एका खोलीत झोपत होतो. आयोगासमोर मी ज्या प्रामाणिकपणाच्या टिमक्या वाजवून आले, तो हा. मला स्वतःचाच इतका संताप आला की मी उठून उगाचच भांडी आपटली. सासूबाई वाटाण्याचं टरफल हातात धरून म्हणाल्या, "दोघं हुशार, म्हणून कुणालाच अक्कल नाही." त्यांचं काही चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने राजीनामा दिला. आम्ही दोघांनी मिळून काही बेत केला असेल असं वाटत असेल तर तसं नाही. त्याच्या जागी चारला कोणीतरी नवा येईल, त्याला मी पुलाचं पटवीन, एवढंच डोक्यात होतं. पण दुपारीच मॅनेजर वळसा घालून माझ्या बाजूला आला. म्हणाला, "मॅडम, चारला लायक माणूस मिळेपर्यंत चारचाही कार्यभार तुम्ही बघा. तात्पुरता. आयोगाची परवानगी घेतलीय."

मला वाटलं मला भ्रम झालाय. "दोन्ही वाहिन्यांची संपादक मी एकटी?"

"तात्पुरती."

"मग माझ्या नवऱ्याला का काढलंत?"

"संपादकीय स्वातंत्र्यासाठी, मॅडम," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

मी सही केली. चारच्या बाजूला गेले. नवऱ्याने खालून टिपलेला पूल त्याच्या संगणकात होता, तो आता चारच्या संपादकाचा, म्हणजे माझा. त्याचा खालचा आणि माझा वरचा जोडला. संहिता एकच लिहिली. दोन्ही निवेदकांना दिली. भुवयांबद्दल काही लिहिलं नाही. चारचा निवेदक कागद वाचून म्हणाला, "मॅडम, हे डब्यात आहे का?" मी म्हटलं, "आज मीच डबा."

संध्याकाळी दोन्ही वाहिन्यांवर एकाच वेळी पूल लागला. फट उघडताना आणि मिटताना, वरून शाळेची बस, खाली निघालेले दगड, आणि पाहणी प्रस्तावित आहे म्हणणारा अभियंता. मी दोन्ही पडद्यांसमोर उभी होते. तिकडच्या यंत्रणेने दोन्ही बाजू पाहिल्या, त्या सारख्या निघाल्या, आणि ती समाधानाने गप्प राहिली. बातमी शेवटपर्यंत गेली. शहरातल्या माणसाने चार लावलं काय नि सात लावलं काय, त्याला पूलच दिसला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण त्याच वेळी भीतीही वाटली. सगळं शहर एका माणसाच्या हातात असणं म्हणजे काय ते मला त्या संध्याकाळी कळलं, कारण तो माणूस मी होते.

सकाळी पुलाच्या तोंडाशी पिंपं लागली. ट्रक बंद, बस बंद. बस आता लांबच्या नव्या पुलावरून येते आणि मुलं उशिरा पोचतात म्हणून पालक कुरकुर करतात. करू देत.

कंपनीने मला त्याच दिवशी काढलं. त्याचं मला काही वाटलं नाही, ते धरलेलंच होतं. पण पुढे आयोगाची नोटीस आली. दोन प्रतिस्पर्धी वाहिन्यांवर एकाच वेळी शब्दशः एकच बातमी दाखवून संपादकीय स्वातंत्र्याच्या अटीचा भंग केल्याबद्दल, नावानिशी मला. तक्रारदार म्हणून खाली मेव्हण्याची सही होती.

मी आयोगाला फोन लावला. नोटिशीवर ज्यांची सही होती तेच अधिकारी फोनवर आले. मी म्हटलं, "साहेब, वर्षभर दोन्हीकडे शब्दशः तेच जात होतं. मी तुमच्यासमोर उभी राहून सांगितलं. तेव्हा नोटीस का काढली नाहीत?"

ते कागद चाळत होते, आवाज येत होता. "बाई," ते म्हणाले, "तुम्ही दिलीत ती साक्ष होती. तक्रार नव्हती."

"मग तक्रार करायला काय लागतं?"

"तक्रार वाहिनीच्या मालकाने करायची असते."

मी नोटिशीवरची मेव्हण्याची सही पुन्हा पाहिली. मग विचारलं, "आणि शहरात सगळ्या वाहिन्यांचा मालक एकच असला तर?"

"तसं होऊ शकत नाही," ते म्हणाले. "कायद्याने बंदी आहे."